ब्लेनिम कीं ब्लेनहाइम ?

रॉबर्ट साउदीची १७९६ सालीं लिहिलेली एक लहानशी कविता इंग्रजी शिकलेल्या आपल्या पुष्कळ घरांतून ओळखीची आहे. म्हातारा कास्पर दिवसाचें काम आटोपून दाराशीं बसला आहे. नातू पीटरकिन ओढ्याकांठीं सांपडलेली एक वाटोळी, गुळगुळीत वस्तु त्याच्यापुढें आणून ठेवतो. ती माणसाची कवटी निघते. आणि मग ही लढाई कशासाठीं झाली या नातवंडांच्या साध्या प्रश्नाला आजोबांजवळ उत्तर नसतें. तो विजय फार नामांकित होता, एवढेंच ते घोळून घोळून सांगत राहतात. या कवितेच्या अर्थाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे व तें बहुतेक योग्यच आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही तिच्यांतील एकाच शब्दाविषयीं बोलणार आहों, आणि तो शब्द म्हणजे ज्या गांवीं ही लढाई झाली त्याचें नांव. तें मोठ्यानें वाचावयाचें कसें ? ब्लेनहाइम, कीं ब्लेनिम ?

प्रश्न वरवर पाहतां मास्तरी वळणाचा वाटेल. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्या भाषेला अधिक जवळचा आहे. इंग्रज लेखकाला या बाबतींत कागदावर कांहींच अडचण पडत नाहीं. तो आठ रोमन अक्षरें लिहून मोकळा होतो; वाचणारा काय वाचील तें वाचो. मराठी लेखकाची गोष्ट निराळी. देवनागरी लिपि उच्चाराला लपूं देत नाहीं. ‘ब्लेनहाइम’ लिहिलें कीं एक बाजू घेतली, ‘ब्लेनिम’ लिहिलें कीं दुसरी घेतली. मध्यें उभें राहण्यास जागाच नाहीं. म्हणून जो वाद इंग्रजाला घशांत गिळून टाकतां येतो, तो आपल्याला लेखणीच्या टोंकावर सोडवावा लागतो.

आतां त्या गांवाची हकीकत. बव्हेरियांत डॅन्यूब नदीच्या उत्तर तीरावर ब्लिंडहाइम नांवाचें एक खेडें आहे. १३ ऑगस्ट १७०४ रोजीं मार्लबरो व प्रिन्स यूजीन यांनीं तेथें मार्शल तालार, मार्शल मार्सें व बव्हेरियाचा इलेक्टर यांच्या संयुक्त सैन्याचा धुव्वा उडविला. फ्रेंचांचें उत्कृष्ट पायदळ याच खेड्यांत कोंडलें गेलें आणि सायंकाळीं त्यानें शस्त्रें खालीं ठेवलीं. जर्मन लोक या लढाईस ब्लिंडहाइमचें नांव देतच नाहींत. शेजारच्या मोठ्या गांवावरून ते तिला होख्श्टेटची लढाई म्हणतात. म्हणजे लढाईचें ‘ब्लेनहाइम’ हें नांव इंग्रजांनीं ठेवलेलें. पुढें राणी ॲननें मार्लबरोला ऑक्सफर्डजवळची वुडस्टॉकची जहागीर दिली. व्हॅनब्रा या नाटककार-शिल्पज्ञानें तेथें प्रचंड प्रासाद उठविला आणि त्या प्रासादालाहि तेंच नांव मिळालें. विन्स्टन चर्चिल १८७४ सालीं जन्मले ते याच वाड्यांत. या वाड्यावरून एका जातीच्या लहान कुत्र्याला तें नांव पडलें, एका सफरचंदालाहि पडलें. (त्या सफरचंदास इंग्रज ‘ब्लेनिम ऑरेंज’ म्हणतात. सफरचंदाला नारिंग म्हणणाऱ्या लोकांकडून गांवांच्या नांवांबाबत फार काटेकोरपणाची अपेक्षा कशाला करावी, असें कोणी म्हटल्यास आमची हरकत नाहीं.) वाडा, कुत्रा, सफरचंद आणि लढाई या सर्वांचा शिष्ट इंग्रजी उच्चार एकच आहे, आणि तो ‘ब्लेनिम’. डॅनियल जोन्सच्या १९१७ सालच्या उच्चारकोशापासून कोणताहि चांगला कोश उघडून पाहावा.

हकार गेला कोठें, असें विद्यार्थी नेहमीं विचारतात. तो गेला तो इंग्रजीच्या अगदीं घरगुती नियमानें गेला. जर्मन ‘हाइम’ आणि इंग्रज गांवांच्या नांवांतील शेवटचें ‘हॅम’ हे एकाच कुळांतले शब्द. दोहोंचा मूळ अर्थ घर, वस्ती. आणि इंग्रज आपल्या घरच्या ‘हॅम’चें काय करतो ? बर्मिंगम, नॉटिंगम, बकिंगम ! आघात पहिल्या अक्षरावर पडला कीं शेवटचें अक्षर मऊ पडतें, आणि मऊ पडलेल्या अक्षरांतला हकार पहिल्यानें गळतो. तेव्हां ‘ब्लेनिम’ म्हणण्यांत इंग्रजानें त्या बव्हेरियन खेड्याचा अपमान केला नाहीं. त्याला आपल्या नॉटिंगमच्या पंक्तीला बसविलें, इतकेंच. प्रतिष्ठानाचें पैठण आपण असेंच केलें. त्याच पैठणाला ग्रीक व्यापारी पैथाना म्हणत आणि भृगुकच्छाला बारिगाझा म्हणत. परकीं नांवें जिभेवर बसलीं कीं झिजतात, आणि झिजलेलें नांव हें वापरांतलें नांव असतें.

येथवर आम्ही इंग्रजी रूढीचें वकीलपत्र घेतलें आहे असें वाटेल. परंतु प्रस्तुत प्रश्न कवितेंतून निघाला आहे, म्हणून साक्षहि कवितेची काढली पाहिजे. कवितेची साक्ष कोठवर चालते हें मात्र नीट ओळखावें. वृत्त सांगतें तें दोनच गोष्टी : शब्दांत अक्षरें किती आणि आघात कोणावर. यमक असेल तर तें शेवटचा स्वर सांगतें. याहून अधिक कविता कांहीं सांगत नाहीं, आणि तिच्या तोंडीं अधिक घालूं नये. साउदीच्या कवितेंत हें नांव ओळीच्या मध्यें येतें. दोन अक्षरें, पहिल्यावर आघात, एवढें वृत्तावरून निश्चित होतें. परंतु ‘ब्लेनिम’ व ‘ब्लेनहाइम’ दोन्ही या मापांत बसतात, यास्तव येथें वृत्त मुकें आहे. तरीहि एक आडवा पुरावा कवितेंत आहेच. साउदीनें मार्लबरोचें नांव शेवटचीं अक्षरें छाटून, ज्याप्रमाणें इंग्रज माणूस तें बोलतो त्याप्रमाणें लिहिलें आहे. ज्या कवीच्या कानांत इंग्रजी बोलणें इतकें घुमत होतें, त्यानें शेजारचें नांव मात्र जर्मन व्याकरणाला स्मरून उच्चारलें असेल, हें संभवत नाहीं.

कोणी म्हणेल, कास्पर तर त्याच गांवचा रहिवासी. आपल्या गांवाचें नांव तो इंग्रजी थाटानें कसें घेईल? हा आक्षेप चतुर आहे, पण तो फार सिद्ध करतो. कास्पर गांवचें नांव जर्मन उच्चाराप्रमाणें घेणार असेल, तर बाकीची कविताहि त्यानें जर्मन भाषेंत म्हटली पाहिजे. साउदीनें त्याला इंग्रजी वाणी दिली आहे, आणि ती दिल्यावर त्याचें गांवहि इंग्रजी झालें.

वृत्त व यमक जेथें स्पष्ट बोलतात असें उदाहरण पाहावयाचें, तर ट्रफॅल्गरचें पाहावें. स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, काडिस प्रांतांत, या नांवाचें भूशिर आहे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं त्याच्यासमोरच्या समुद्रांत नेल्सननें फ्रान्स व स्पेन यांचें संयुक्त आरमार मोडलें व तेथेंच तो पडला. हें नांव मूळचें अरबी. त्याचा पहिला भाग ‘तरफ’, म्हणजे टोंक, बाजू. आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘मौजे अमुक, तर्फ अमुक’ असें येतें त्यांतला ‘तर्फ’, आणि आपण कोणाच्या ‘तर्फे’ बोलतों तो ‘तर्फे’, या शब्दाचेच भाऊबंद होत. दुसऱ्या भागाविषयीं मतभेद आहे : कोणी ‘गार’ म्हणजे गुहा असें घेतात, कोणी ‘गर्ब’ म्हणजे पश्चिम असें घेतात. स्पॅनिश भाषेंत रकारान्त शब्दाचा आघात सामान्यतः शेवटच्या अक्षरावर पडतो, म्हणून स्पेनमध्यें तें ‘त्राफाल्गार’, आणि जोर अखेरीस. आज लंडनमधील चौकाचें नांव मात्र ‘ट्रफॅल्गर’, जोर मधल्या अक्षरावर. आपल्या भाषेंत अर्थ पालटणारा आघात नसल्यामुळें हा फरक आपल्या कानाला किरकोळ वाटतो. इंग्रजी कवितेंत मात्र तो ओळ उभी करणारा किंवा पाडणारा फरक आहे.

बायरनकडे वळावें. ‘चाइल्ड हॅरल्ड’च्या दुसऱ्या सर्गांत हें नांव येतें, चौथ्या सर्गांत समुद्राला उद्देशून लिहिलेल्या त्या विख्यात कडव्यांतहि येतें, आणि ‘डॉन जुअन’च्या अगदीं आरंभीं नेल्सनचा उल्लेख आहे तेथेंहि येतें. तिन्ही ठिकाणीं तें ओळीच्या शेवटीं आहे, आणि तिन्ही ठिकाणीं त्याचें यमक युद्धवाचक ‘वॉर’ या शब्दाशीं अथवा त्याच्या सोबत्यांशीं जुळविलेलें आहे. म्हणजे बायरनच्या तोंडीं हा शब्द ‘ट्रॅफल्गार’ होता, आघात अखेरचा, स्पॅनिश रीतीप्रमाणें. लढाई झाली तेव्हां तो सतरा वर्षांचा होता. वृत्तपत्रांतून व तोंडोतोंडीं तें नांव प्रथम इंग्लंडभर पसरलें तें त्याच्या डोळ्यांदेखत. नेल्सनच्या घराण्याकडे आलेल्या व्हायकाउंट ट्रफॅल्गर या किताबांतहि शेवटच्या अक्षरावर जोर देण्याची परंपरा आहे. उलट, ब्राउनिंगची समुद्रावरून दिसणाऱ्या स्पेनच्या किनाऱ्यावरची छोटी कविता घ्या. ती १८४५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत नेमकें हेंच भूशिर दृष्टीसमोर येतें. पण वृत्ताचे ठोके मोजूं लागलें कीं आघात निःसंशय मधल्या अक्षरावर पडतो. बायरनप्रमाणें वाचलें तर ब्राउनिंगची ओळ लंगडते, ब्राउनिंगप्रमाणें वाचलें तर बायरनचें यमक मरतें.

हा पालट कां झाला ? आमच्या मतें लंडनच्या चौकाचा त्यांत हात असावा. ‘स्क्वेअर’ हा एकाक्षरी, जोराचा शब्द. त्याच्या आधीं लगेच ‘गार’वर जोर दिला तर दोन घाव एकावर एक बसतात, इंग्रजी जिभेला तें सोसत नाहीं, आणि ती पहिला घाव मागें सरकविते. अशीं उदाहरणें त्या भाषेंत पुष्कळ आहेत. पण हा आमचा तर्क झाला. ब्राउनिंग व बायरन यांची साक्ष मात्र तर्क नव्हे. ती छापलेली आहे, आणि ज्याला इंग्रजी कविता मोठ्यानें वाचतां येते त्याला ती तपासतां येईल.

याच बायरनचें दुसरें रूप पाहिलें म्हणजे मौज वाटते. ट्रफॅल्गरच्या बाबतींत जो स्पॅनिश आघात पाळतो, तोच कवि आपल्या स्पॅनिश नायकाचें नांव पहिल्याच कडव्यांत असें यमकांत गोंवतो कीं तें ‘हुआन’ वाचणें अशक्य व्हावें. तें ‘जू-अन’च वाचलें पाहिजे. आणि दुसऱ्या सर्गांत या नायकाला काडिसला धाडलें, तेव्हां त्या शहराचें यमक जुळविलें आहे ‘लेडीज’शीं ! म्हणजे शहर झालें ‘केडिझ’. बायरन स्वतः १८०९ सालीं त्या शहरीं राहून आलेला होता. तेथील लोक तें नांव कसें घेतात हें त्यानें कानांनीं ऐकलें होतें. अज्ञानाचा आरोप त्याच्यावर चालणार नाहीं. त्यानें तें जाणून केलें, आणि त्या काव्याच्या थट्टेखोर प्रकृतीला तें शोभतेंहि. आतां एखाद्या प्राध्यापकानें वर्गांत ‘हुआन’ व ‘कादिथ’ असे शुद्ध माद्रिदी उच्चार करून हीं कडवीं वाचलीं, तर त्याचें स्पॅनिश दिसेल, पण बायरनचा विनोद त्याच्या हातून जागच्या जागीं ठार होईल. शिवाय ‘कादिथ’ हाच तरी स्थानिक उच्चार आहे काय ? खुद्द त्या शहरचे लोक बोलतांना शेवटचीं व्यंजनें खाऊन ‘काइ’ एवढेंच म्हणतात. स्थानिक उच्चाराचा आग्रह धरणाऱ्यांनीं आधीं स्थानिक म्हणजे कोण हें ठरवावें.

शेक्सपियरच्या वाचकाला हें सारें नवें नाहीं. ‘टेंपेस्ट’ नाटकांत प्रॉस्परोचें गेलेलें राज्य ‘मिलन’ आहे, जोर पहिल्या अक्षरावर; आजच्या इंग्रजाप्रमाणें ‘मिलॅन’ असा शेवटीं जोर दिला तर प्रॉस्परोचीं भाषणें अडखळतात, आणि इटालियन ‘मिलानो’ तर त्या ओळींत मावतच नाहीं. कॅलेचेंहि तसेंच. दोनशें वर्षें तें बंदर इंग्रजांच्या ताब्यांत होतें, १५५८ च्या जानेवारींत तें गेलें; आणि त्या काळचे इंग्रज त्याला ‘कॅलिस’ म्हणत, हें शेक्सपियरच्या १६२३ च्या फोलिओंतील स्पेलिंगवरूनच दिसतें. अमेरिकेंत मेन संस्थानांत त्याच नांवाचें एक गांव आहे, त्याला तेथील लोक अजून ‘कॅलस’च म्हणतात. फ्रेंच वळणाचा ‘कॅले’ हा उच्चार मागाहून आला, आणि आज तोच शिष्ट आहे. आजच्या बंदराला तो द्यावा. पांचव्या हेन्रीच्या तोंडीं तो घालणें हा कालविपर्यास होय.

आतां या चर्चेला निमित्त झालेली गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या कवितावाचनाच्या स्पर्धेला प्रस्तुत लेखक पाहुणा म्हणून गेला होता. चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलीनें साउदीची हीच कविता म्हटली. आवाजांत कृत्रिम चढउतार नव्हते. कास्परच्या तोंडचें तें पालुपद प्रत्येक वेळीं थोडें थोडें पोकळ होत जावें, हें तिनें कोणी न सांगतां ओळखलें होतें. तिनें ‘ब्लेनिम’ म्हटलें. समारोपाच्या वेळीं परीक्षकांपैकीं एका गृहस्थांनीं सर्वांसमक्ष सांगितलें कीं, वाचन चांगलें होतें, परंतु मूळ जर्मन नांव मुलीला ठाऊक नसल्यामुळें तिला पहिला क्रमांक देतां येत नाहीं. पहिला क्रमांक ‘ब्लेनहाइम’ म्हणणाऱ्या मुलाला मिळाला. मुलगी खालीं मान घालून आईजवळ जाऊन बसली. बाईंनीं शिकविलें होतें तसेंच मी म्हटलें, एवढेंच ती पुटपुटली. आणि तिची आई, इंग्रजी फारसें न शिकलेली, आपल्या मुलीकडून मोठी चूक झाली अशा समजुतीनें ओशाळून गेली.

मूळ जर्मन नांव ‘ब्लेनहाइम’ नाहीं, ‘ब्लिंडहाइम’ आहे. म्हणजे ज्या मुलाला बक्षीस मिळालें त्याचा उच्चार जर्मनहि नव्हता आणि इंग्रजीहि नव्हता. तो स्पेलिंगचा उच्चार होता. चहाच्या वेळीं आम्हीं त्या गृहस्थांना हें सौम्यपणें निवेदन केलें व कोशाचा दाखला दिला. ते हंसून म्हणाले, “अहो प्रोफेसरसाहेब, कोश इंग्रजांचा. इंग्रज आपल्याच बाजूनें बोलणार. दुसऱ्याच्या गांवाचें नांव बिघडवायचें आणि त्यालाच शुद्ध म्हणायचें, हा त्यांचा धंदा आपल्याला माहीत नाहीं काय ?”

गृहस्थांची माहिती अपुरी होती, पण हें उत्तर टाकाऊ नव्हतें. खडकीचें किर्की, वसईचें बसीन, श्रीरंगपट्टणाचें सेरिंगापटम आपण सोसलेलें आहे. १९९५ सालीं मुंबईचें इंग्रजी नांवहि मुंबई झालें तें याच भावनेनें. आणि अलीकडे युक्रेनच्या राजधानीबद्दल तेथील लोकांनीं ‘किएव्ह’ सोडून ‘कीव’ म्हणा असा आग्रह धरला, तो २०१९ पासून इंग्रजी वृत्तसंस्थांनीं हळूहळू मान्य केला, हें आमच्या मतें योग्यच झालें. जिवंत शहराला त्याच्या रहिवाशांनीं मागितलेल्या नांवानें हांक मारणें हा सभ्यपणा आहे. आज मुंबईकराच्या तोंडावर हट्टानें ‘बॉम्बे’ म्हणणारा असभ्य ठरेल.

परंतु हा न्याय ब्लेनिमला लागत नाहीं. ब्लिंडहाइमच्या लोकांना त्यांच्या गांवाचें नांव कोणीं नाकारलेलें नाहीं. नकाशांत तें ब्लिंडहाइमच आहे, आणि तेथें जाणाऱ्यानें तेंच म्हणावें. ‘ब्लेनिम’ हें त्या गांवाचें नांव राहिलेलें नाहीं. तें एका घटनेचें नांव आहे, एका वाड्याचें नांव आहे, एका इंग्रजी कवितेंतला शब्द आहे, आणि तें घडविलें इंग्रजीनें. रुडयार्ड किपलिंग मुंबईंत १८६५ सालीं जन्मला. ‘सेव्हन सीज’ या संग्रहाच्या प्रारंभीं त्यानें जन्मभूमीस उद्देशून जी कविता घातली तिच्या मथळ्यांतला ‘बॉम्बे’ खोडून तेथें आपण ‘मुंबई’ लिहावें काय? आम्ही तर लिहिणार नाहीं. वसईचा तह इंग्रजांच्या १८०२ च्या कागदांत बसीनचाच तह राहील, आणि मराठींत तो वसईचाच राहील; दोहोंना एकमेकांची अडचण नाहीं.

सर्वांत अवघड उदाहरण बेल्जममधील ईप्रचें. तेथील फ्लेमिश रहिवासी म्हणतात ‘ईपर’, फ्रेंच म्हणतात ‘ईप्र’, सुशिक्षित इंग्रजहि बहुधा तसेंच म्हणतो; आणि १९१४ पासून चार वर्षें तेथील चिखलांत रुतलेला इंग्रज शिपाई म्हणत असे ‘वायपर्स’. शिपायांनीं तेथें एका मोडक्या छापखान्यावर जें खंदकांतलें वर्तमानपत्र १९१६ सालीं सुरू केलें त्याचें नांवहि ‘वायपर्स टाइम्स’. हा उच्चार अडाणीपणाचा कीं विनोदाचा, हें आज सांगणें कठीण. दोहोंचें मिश्रण असावें. पण मरणाच्या दाढेंतल्या माणसांनीं एका नांवाशीं केलेली ही सलगी आहे, आणि त्यांच्या पत्रांत, गाण्यांत, आठवणींत तें नांव येईल तेथें तें ‘वायपर्स’च वाचलें पाहिजे. तेथें ‘ईप्र’ म्हणणें म्हणजे मेलेल्या शिपायाचें व्याकरण सुधारणें. याच्या उलट, एप्रिल १९१५ मध्यें लाहोर डिव्हिजनचे हिंदी शिपाई तेथील दुसऱ्या लढाईंत पडले. १९२७ सालीं उघडलेल्या मेनिन गेटवर आपल्या लोकांचींहि नांवें कोरलेलीं आहेत. त्यांच्याविषयीं मराठींत लिहितांना आम्ही इंग्रज टॉमीची थट्टा उसनी घेणार नाहीं. तेथें ‘ईप्र’ लिहूं.

मराठी लेखकानें काय करावें, हा प्रश्न यावरून बराचसा सुटतो. युरोपांतलीं बहुतेक नांवें आपल्याकडे इंग्रजीच्या दारानें आलीं हें खरें. जर्मनांच्या देशाला त्यांच्याप्रमाणें ‘दॉइचलांट’ न म्हणतां आपण ‘जर्मनी’ म्हणतों, आणि तें आतां मराठीच झालें आहे. पण त्याहि आधीं आपल्या भाषेनें हीं नांवें स्वतःच्या हातानें घडविलीं होतीं : पोर्तुगीजांकडून ऐकून ‘इंग्रज’ केला, ‘वलंदेज’ केला, ‘फरासीस’हि आपल्या बखरींत सुखानें नांदला. वलंदेजाला वलंदेज म्हणतांना आपल्या कारकुनांनीं हॉलंडांतला उच्चारकोश मागविला नव्हता. तेव्हां युरोपचा इतिहास मराठींत स्वतंत्रपणें लिहिणाऱ्यानें ब्लिंडहाइम हें गांव आणि ब्लेनिम ही लढाई असें दोन्ही एकदां स्पष्ट सांगून पुढें लढाईचें रूढ नांव चालवावें. ‘ब्लेनहाइम’ हें दोन्हीकडचें नसलेलें रूप मात्र टाकावें. इंग्रजी कवितेवर लिहिणाऱ्यानें कवीचा उच्चार लिहावा, आणि दोन कवींचे दोन असतील तर दोन लिहावे. बायरनचा उतारा चर्चेस घेतांना ‘ट्रॅफल्गार’ व ब्राउनिंगचा घेतांना ‘ट्रफॅल्गर’ असें एकाच लेखांत आलें, तर मुद्रितें तपासणाऱ्यानें तें एकसारखें करूं नये.

नायकांच्या नांवांचेंहि असेंच करावें लागेल. तिर्सो दे मोलिनाच्या स्पॅनिश नाटकांतला तो ‘दोन हुआन’, मोझार्टच्या १७८७ च्या संगीतिकेंतला ‘दोन जोव्हान्नी’, आणि बायरनचा ‘डॉन जुअन’. हे तिघे एकाच वंशाचे असले तरी तीन वेगळ्या भाषांचे नागरिक आहेत. बायरनच्या काव्याचें पद्य भाषांतर करूं पाहणाऱ्या मराठी कवीला पहिल्याच कडव्यांत त्या यमकाची गांठ पडेल. तेथें ‘हुआन’ घेतला तर त्याला निराळें यमक शोधावें लागेल, ‘जुअन’ घेतला तर मराठींत त्याला जुळणारे शब्द फार थोडे मिळतील. आणि पुढें काडिसच्या कडव्यापाशीं तो आला म्हणजे ‘केडिझ’ला ‘लेडीज’खेरीज काय जुळवावें, हें आम्हांलाहि अद्याप सुचलेलें नाहीं.